कुलूप लावलं की नाही?

दार ओढून घेतो, जिना उतरतो, रस्त्याला लागतो आणि पन्नासेक पावलांवर मनात पाल चुकचुकते: कुलूप लावलं का? आठवायला जावं तर हाती काहीच लागत नाही. म्हणजे कुलूप लावल्याचं चित्र डोळ्यांपुढे येतं, पण ते आजचं की कालचं की गेल्या महिन्यातलं, काही सांगता येत नाही. मग मुकाट्याने परत फिरायचं. जिना चढायचा. कुलूप जागच्या जागी असतं. ओढून पाहिलेलंही असणार, कारण ओढून पाहण्याचीसुद्धा सवयच झालेली आहे.

हे इतक्यांदा झालं की सुरुवातीला वाटलं, विसरभोळेपणा वाढला. पण विसरलो असतो तर दार सताड उघडं सापडलं असतं. तसं एकदाही झालेलं नाही. काम दरवेळी चोख झालेलं असतं, फक्त ते होताना मी तिथे नसतो. मग कुलूप लावतं कोण?

या प्रश्नाचं बऱ्यापैकी उत्तर एका अशा माणसामुळे मिळालं, ज्याच्या आठवणी साठवण्याची सोयच बंद पडली होती. १९९२ साली विषाणूसंसर्गाने त्याच्या मेंदूला सूज आली. अमेरिकेतला हा गृहस्थ संशोधनाच्या लेखांमध्ये ई. पी. या आद्याक्षरांनी ओळखला जातो. कानशिलांच्या आतल्या अंगाला मेंदूचा जो भाग नव्या घटना लक्षात ठेवतो, तो या आजारात निकामी झाला. आत्ता भेटलेला माणूस थोड्या वेळाने पुन्हा आला तर ई. पी.साठी तो अनोळखी.

स्मृतीचे अभ्यासक लॅरी स्क्वायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच्याकडून एक खेळ करून घेतला. वस्तूंच्या आठ जोड्या. प्रत्येक जोडीतली एक वस्तू कायम ‘बरोबर’, दुसरी कायम ‘चूक’. जोडी समोर ठेवायची, त्याने एक उचलायची. तुम्हीआम्ही हे एकदोन बैठकांत पाठ करू. ई. पी.ला काही महिने लागले, आणि प्रत्येक बैठकीच्या सुरुवातीला इथे काय करायचं आहे हे त्याला सांगता यायचं नाही. वस्तूंचं वर्णन करता यायचं नाही. तरी हळूहळू त्याचा हात बरोबर वस्तूवर जायला लागला, आणि शेवटी शेवटी तर क्वचितच चुकू लागला. त्याला ठाऊक नव्हतं, हाताला ठाऊक होतं.

पुढची गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. संशोधकांनी सगळ्या सोळा वस्तू एकत्र मांडल्या आणि त्यातल्या ‘बरोबर’ तेवढ्या वेगळ्या काढायला सांगितल्या. तिथे सगळंच कोसळलं. वस्तू त्याच, उत्तरं तीच, फक्त मांडणी बदललेली. २००५ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. सवयीचा स्वभाव त्यात पुरता उघडा पडतो: ती पक्की असते, आणि तितकीच ताठर.

म्हणजे सवय ही पुसट झालेली आठवण नव्हे. तिचं खातंच वेगळं, आणि ते मेंदूच्या वेगळ्या भागात लिहिलं जातं. मेंदूच्या गाभ्याजवळ खोलवर पेशींचे काही पुंजके असतात, त्यांना बेसल गँग्लिया म्हणतात. हे खातं प्रामुख्याने तिथलं. पार्किन्सन्सच्या आजारात नेमकी या भागाच्या कामात गडबड होते, आणि १९९६ सालच्या एका प्रयोगात ई. पी.च्या बरोबर उलटं चित्र दिसलं. समोरच्या पत्त्यांवरून ऊन पडेल की पाऊस याचा अंदाज करायचा, आणि करत करत शिकायचं, असा तो खेळ होता. स्मृती गेलेल्या रुग्णांना त्यात अंदाज जमू लागला, पण खेळाबद्दल विचारलं तर फारसं काही आठवेना. पार्किन्सन्सच्या रुग्णांना खेळ नीट आठवत होता, अंदाज मात्र सुधारेना.

तिसरा धागा मेंदूच्या अभ्यासक अ‍ॅन ग्रेबिएल यांच्या प्रयोगशाळेतल्या उंदरांचा. इंग्रजी ‘टी’ अक्षरासारखी वाट, एका टोकाला खाऊ. उंदीर नवखा असताना त्याच्या बेसल गँग्लियातल्या पेशी सगळ्या वाटेवर कडकडत असायच्या. सराव झाल्यावर तीच वाट चालताना मधली वर्दळ ओसरली, आणि कल्लोळ उरला तो फक्त दोन ठिकाणी: निघताना आणि पोचताना. मधलं सगळं जणू एका गाठोड्यात बांधलं गेलं. गाठ सोडली की गाठोडं आपोआप उलगडतं, मध्ये कोणी लक्ष द्यायची गरज नाही.

उंदरावरून थेट माझ्या दारापर्यंत उडी मारणं जरा धाडसाचंच. पण किल्ली हातात घेतली इथपासून रस्त्याला लागलो इथपर्यंतचा मजकूर माझ्या डोक्यातून का गळतो, याचं याहून पटेल असं चित्र मला दुसरं सापडलेलं नाही. गाठोडं चुकीच्या जागी उलगडलं की गंमत होते. मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स यांनी १८९० साली अशा वेंधळ्या लोकांबद्दल लिहून ठेवलं आहे, जे रात्रीच्या मेजवानीला जायचं म्हणून कपडे बदलायला खोलीत गेले, एकेक कपडा उतरवत गेले आणि सरळ अंथरुणात जाऊन पडले. खोली तीच, वेळ तीच, पहिल्या दोनचार हालचाली त्याच. पुढचं शरीराने आपणच उरकलं. घर बदलल्यावर भिंतीवर जुन्या बटणाची जागा चाचपडणारा हात त्यातलाच. घड्याळ दुरुस्तीला दिलेलं असताना उघड्या मनगटाकडे टाकलेली नजरही त्यातलीच.

आता यात इच्छेचा भाग किती? वाटतो त्यापेक्षा बराच कमी. मानसशास्त्रज्ञ वेंडी वूड आणि सहकाऱ्यांनी २०११ साली चित्रपटगृहात प्रेक्षकांना पॉपकॉर्न दिले. काहींना ताजे, काहींना आठवडाभरापूर्वीचे. ज्यांना चित्रपटगृहात पॉपकॉर्न खायची सवय नव्हती त्यांनी शिळे पॉपकॉर्न बाजूला सारले. ज्यांना पक्की सवय होती त्यांनी ताजे असोत की शिळे, जवळपास सारखेच संपवले. शिळ्यांची चव त्यांनाही आवडली नव्हती. याच मंडळींसारख्या सवयीच्या लोकांना सभेच्या खोलीत बसवलं तर ही गंमत नाहीशी झाली. चित्रपटगृहातच, पण नेहमीच्या हाताऐवजी दुसऱ्या हाताने खायला लावलं तरीही नाहीशी झाली.

सुरुवातीला हात पॉपकॉर्नकडे जातो तो चवीसाठी. शंभराव्यांदा तो जातो कारण अंधार झाला, पडदा उजळला आणि मांडीवर डबा आहे. हेतू वाटेत कुठेतरी उतरून गेलेला असतो, गाडी मात्र चालू.

आणि ही गाडी दिवसाचा मोठा पल्ला मारते. वूड यांनीच विद्यार्थ्यांना दर तासाला गजर झाला की आपण काय करत आहोत आणि मनात काय चाललं आहे ते लिहायला सांगितलं होतं. त्यातली सुमारे ४३ टक्के कामं जवळजवळ रोज, त्याच ठिकाणी, बहुतेकदा भलताच विचार करत केली जात होती. हा आकडा ऐकून काही लोक खंतावतात, की आपण अर्धे यंत्र आहोत. मला उलट हायसं वाटतं. दात घासताना ब्रश कसा धरायचा, बुटाची नाडी कुठून ओवायची हे रोज नव्याने ठरवावं लागलं असतं तर बाकी विचाराला वेळ कधी मिळाला असता? चार्ल्स डार्विन आपल्या घराजवळच्या एका वळणाच्या पायवाटेवर रोज फेऱ्या मारत. फेऱ्या मोजण्यात डोकं अडकू नये म्हणून वाटेच्या सुरुवातीला गारगोट्यांचा छोटा ढीग ठेवत आणि प्रत्येक फेरीला पायाने एक गारगोटी बाजूला उडवत. मोजणी पायाकडे, डोकं मोकळं.

चांगल्या सवयी लागायला किती दिवस लागतात, हा प्रश्न निघाला की हटकून ‘एकवीस’ असं उत्तर येतं. याचं मूळ १९६० साली मॅक्सवेल मॉल्ट्झ या प्लॅस्टिक सर्जनने नोंदवलेल्या एका निरीक्षणात आहे. शस्त्रक्रियेनंतर रुग्णांना आपल्या नव्या चेहऱ्याची ओळख पटायला कमीत कमी एकवीसेक दिवस जातात, असं त्याचं म्हणणं. ‘कमीत कमी’ वाटेत गळालं, चेहराही गळाला, उरले एकवीस दिवस.

प्रत्यक्ष मोजदाद लंडनमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी केली. ९६ जणांनी रोजच्या एखाद्या ठरलेल्या प्रसंगाला जोडून एक नवी गोष्ट करायची ठरवली आणि ती किती आपसूक होते हे बारा आठवडे रोज नोंदवलं. मधला आकडा निघाला ६६ दिवस. पण त्या आकड्याला चिकटून बसण्यात अर्थ नाही, कारण कोणाला १८ दिवस पुरले तर कोणासाठी अंदाज निघाला २५४ दिवसांचा. अंदाज म्हणतो, कारण अभ्यासच मुळी ८४ दिवसांचा होता. पुढचा भाग आलेख लांबवून काढलेला आहे, आणि आलेख नीट जुळला तो ३९ जणांचाच. नव्याचे नऊ दिवस संपल्यावरच खरी सवय घडायला लागते, एवढं मात्र त्यातून नक्की दिसतं. आणखी एक दिलासा त्यात आहे: एखादा दिवस चुकला तर फारसं काही बिघडत नाही. पहिले पाढे पंचावन्न होत नाहीत.

ज्यांना काही नवं लावून घ्यायचं आहे त्यांच्यासाठी सगळ्यात कामाची गोष्ट मानसशास्त्रज्ञ पीटर गोल्विट्झर यांच्या अभ्यासातली आहे. ‘मी व्यायाम करेन’ असा संकल्प हवेत राहतो. ‘संध्याकाळी बूट काढण्याआधी मी दहा मिनिटं चालून येईन’ असं ठरवलं की त्याला खुंटी मिळते. जेव्हा अमुक, तेव्हा तमुक. संकल्पाची ताकद वाढवत बसण्यापेक्षा खुंटी नीट ठोकणं सोपं. ती रोज नक्की घडणारी हवी, एवढंच पाहायचं. ‘वेळ मिळाला की’ ही खुंटी नव्हे.

सोडणं मात्र अवघड. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही, ही म्हण प्रयोगशाळेतही बरीचशी खरी निघाली. ग्रेबिएल यांच्या उंदरांचा खाऊ बंद केल्यावर मेंदूतला तो ठसा मावळला. खाऊ पुन्हा ठेवला, आणि ठसा लगेच जसाच्या तसा उमटला. तो पुसला गेलाच नव्हता, दबा धरून बसला होता. म्हणून सवय पुसायच्या मागे लागण्यापेक्षा तिची खुंटी काढून टाकणं जास्त फळतं.

याचं सगळ्यात थक्क करणारं उदाहरण व्हिएतनाम युद्धातल्या अमेरिकी सैनिकांचं. १९७१ साली परतलेल्या सैनिकांचा संशोधक ली रॉबिन्स यांनी माग ठेवला. जवळपास पाचातल्या एकाने तिथे आपण हेरॉइनसारख्या अमली पदार्थांच्या आहारी गेलो होतो असं सांगितलं. मायदेशी परतल्यावर पहिल्या वर्षात त्यांच्यातले साधारण ५ टक्केच पुन्हा व्यसनात सापडले. याला एकच कारण नाही, आणि व्यसन म्हणजे नुसती सवय असंही नाही. पण ज्या तंबूत, ज्या सोबत्यांत, ज्या भीतीत ते सुरू झालं होतं, ते सगळं एका विमानप्रवासात मागे पडलं, याचा त्यात मोठा वाटा होता.

खुंटी कधी कधी दुसरंच कोणी उपटतं, आणि तेही बरं असतं. फेब्रुवारी २०१४मध्ये लंडनच्या भुयारी रेल्वेचा दोन दिवस संप झाला. काही स्थानकं बंद, त्यामुळे लोकांनी नाइलाजाने वेगळ्या वाटा धरल्या. संप मिटल्यावर प्रवासाच्या कार्डांच्या नोंदी तपासल्या तर जवळपास ५ टक्के प्रवासी त्या नव्या वाटेवरच राहिलेले दिसले. इतकी वर्षं ते जी वाट चालत होते ती त्यांच्यासाठी सर्वांत सोयीची नव्हतीच, ती फक्त पायाखालची होती.

इथवर सवयीबद्दल झालं. पण रोज त्याच वेळी तीच गोष्ट करणं म्हणजे दरवेळी सवयच असते का? मराठीत यासाठी किती शब्द आहेत बघा: सवय, खोड, चाळा, शिरस्ता, परिपाठ, नेम. खोड दुसऱ्याला दिसते, चाळा आपल्या नकळत चालतो. नेम मात्र आपण धरतो. सवयीचं काम एक दिवस राहिलं तर कदाचित कळणारही नाही, नेम चुकला तर दिवसभर रुखरुख लागते. आणि नेम या शब्दाला दुसरा अर्थही आहे, निशाण्याचा. नेम धरायला डोळा लागतो.

ज्याला मी विधी म्हणतो तो हाच प्रकार. सवय लक्ष मोकळं करते, विधी लक्ष खेचून आणतो. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात, तोच क्रम, तीच पुनरावृत्ती. आतून उलटे.

विधी कधी वाढतात हे ब्रोनिस्लाव्ह मालिनोव्हस्की या मानववंशशास्त्रज्ञाने १९१५ ते १९१८ या काळात न्यू गिनीजवळच्या ट्रोब्रिअँड बेटांवर राहून टिपलं. तिथल्या आतल्या शांत खाडीत मासे हमखास मिळत, धोका नसे, आणि त्या मासेमारीला मंत्रतंत्र नव्हता. खुल्या समुद्रात जायचं असलं की मात्र साग्रसंगीत विधी. जिथे हातातलं कसब संपतं तिथे विधी सुरू होतो. २०१५ साली मार्टिन लांग आणि सहकाऱ्यांनी हेच प्रयोगशाळेत पाहिलं. लोकांना एक शोभेची वस्तू दिली, तिच्याबद्दल सगळ्यांसमोर बोलायचं आहे असं सांगून धास्तावलं, आणि बोलण्याआधी ती पुसून ठेवायला सांगितलं. ज्यांच्यावर दडपण जास्त होतं त्यांचे हात त्याच त्या हालचाली पुन्हा पुन्हा, ठरावीक लयीत करायला लागले. कोणी शिकवलं नव्हतं. टेनिसपटू राफाएल नदाल खेळताना पाण्याच्या बाटल्या मोजूनमापून ठरल्या जागी, ठरल्या तोंडाने ठेवायचा. त्याला कोणी हसलं तर हसो. पुढचा चेंडू कसा येईल हे त्याच्या हातात नव्हतं, बाटली होती.

विधीचा सगळ्यात रोकडा उपयोग मला जपानी रेल्वेत दिसतो. तिथले चालक आणि कर्मचारी सिग्नलकडे बोट दाखवून तो मोठ्याने उच्चारतात. पाहणाऱ्याला नाटकी वाटतं. पण हजारदा हिरवा पाहिलेला डोळा हजार एकाव्या वेळी लालही हिरवा पाहू शकतो, आणि ते थांबवण्यासाठी बोट आणि आवाज मध्ये घातले आहेत. जपानमधल्या रेल्वे संशोधन संस्थेने १९९४ साली केलेल्या चाचणीत साध्या कामातल्या चुका शंभरामागे २.३८ वरून ०.३८ वर आल्या.

मग विधी जितके जास्त तितकं बरं का? नाही, आणि इथे माझं कुलूप पुन्हा आडवं येतं. नेदरलँड्समधल्या दोन संशोधकांनी २००३ साली निरोगी विद्यार्थ्यांना संगणकाच्या पडद्यावरची गॅसची शेगडी बंद झाली की नाही हे पुन्हा पुन्हा, वीसदा तपासायला लावलं. शेवटच्या वेळी काय तपासलं हे त्यांना बरोबर सांगता आलं. पण त्या आठवणीवरचा विश्वास उडाला. आठवण फिकट, धूसर वाटू लागली. म्हणजे खात्री करायला मी जितक्यांदा जिना चढलो, तितकी खात्री करणं ही आणखी एक सवय झाली आणि तिच्याही आठवणी एकमेकींत कालवल्या गेल्या. दहा वेळा परत जावंसं वाटत असेल, त्यापायी कामं अडत असतील, तर तो स्वभाव नसून आजार असू शकतो. त्यावर चांगले उपचार आहेत, आणि ते घ्यावेत.

एका गोष्टीचा उल्लेख राहतो. रोजच्या ठरलेल्या गोष्टी दिवसाला नुसता आकार देतात असं नाही, शरीराचं घड्याळही त्यांवर लागतं. आतलं घड्याळ चोवीस तासांहून किंचित मोठा दिवस धरून चालतं, त्यामुळे ते रोज जुळवून घ्यावं लागतं, मुख्यतः उजेडाने. पिट्सबर्गमधल्या एलेन फ्रँक यांनी बायपोलर आजाराच्या, म्हणजे मन कधी टोकाच्या उत्साहात तर कधी टोकाच्या उदासीत जातं अशा आजाराच्या, रुग्णांसाठी उपचारांची जी पद्धत आखली, तिच्यात रुग्ण रोज पाच गोष्टींच्या वेळा टिपतो: अंथरुणातून उठलो कधी, पहिलं माणूस भेटलं कधी, कामाला लागलो कधी, रात्री जेवलो कधी, झोपायला गेलो कधी. बस्स, पाचच. औषधांच्या जोडीला या पाच खुंट्या शक्य तितक्या जागेवर ठेवायच्या. त्यातलं ‘पहिलं माणूस’ मला फार आवडलं. २०२०च्या टाळेबंदीत आज कोणता वार हे कळेनासं झालं होतं, तेव्हा नेमकी हीच खुंटी निखळली होती.

माझ्या कुलपावर मी त्या रेल्वेवाल्यांचा उपाय करून पाहिला. किल्ली फिरवली की कुलपाकडे बोट दाखवायचं आणि म्हणायचं, ‘लावलं’. पहिले काही आठवडे रस्त्यावरून परत फिरायची वेळ आली नाही. मग एके दिवशी पन्नास पावलांवर तीच पाल चुकचुकली: ‘लावलं’ म्हटलं का मी? ते वाक्यही गाठोड्यात जाऊन बसलं होतं. म्हणून आता त्याला वार जोडतो. ‘सोमवार, लावलं.’ ‘मंगळवार, लावलं.’ शब्द रोज बदलतो, त्यामुळे तो हाताला पाठ होत नाही, क्षणभर थांबून वार आठवावाच लागतो. गेल्या आठवड्यात ‘बुधवार, लावलं’ म्हणून जिना उतरलो. खालच्या पायरीवर लक्षात आलं की आज गुरुवार आहे. कुलपाची मात्र अजिबात शंका आली नाही.